खडा, जंतू आणि शेजार

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून प्रवाहाच्या उलट दिशेनं, म्हणजे दक्षिणेकडे, चालू लागलं की आधी शीतला घाट लागतो, मग अहिल्याबाई घाट आणि त्याला खेटून मुन्शी घाट. अहिल्याबाई कोण हे मराठी यात्रेकरूला सांगावं लागत नाही. हे मुन्शी कोण, ते मात्र विचारावं लागतं. श्रीधर नारायण मुन्शी हे नागपूर राज्याचे मंत्री. चुनारच्या दगडातला तो उंच वाडा आणि त्याखालच्या पायऱ्या त्यांनी बांधवल्या. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी वाडा घेतला, म्हणून लगतच्या भागाला आज दरभंगा घाट म्हणतात. नागपूरच्या मंत्र्यानं एवढ्या लांब येऊन दगड का रचावेत, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नसता. काशीत मरण आलं तर मोक्ष, आणि मोक्षाच्या वाटेवर आपल्या नावाच्या चार पायऱ्या असल्या तर बरंच.

गेल्या काही दशकांत या वाटेनं उलटी वाहतूक वाढली. बनारस, गाझीपूर, बलिया, बक्सर इथली माणसं मरण टाळण्यासाठी मुंबईच्या गाडीत बसतात आणि परळला पोचतात. टाटा हॉस्पिटलबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून बसलेली कुटुंबं मुंबईकरानं पाहिलेली असतात. हा लोंढा पाहूनच टाटा मेमोरियल सेंटर स्वतः काशीला गेलं. २०१८ मध्ये लहरतारा इथं होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झालं आणि २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात महामना मालवीय यांच्या नावाचं मोठं केंद्र.

या रुग्णांमध्ये तोंडाचा कर्करोग आहे, स्तनाचा आहे, गर्भाशयमुखाचा आहे. हे सगळे आपल्याकडेही दिसतात. पण मुंबई-पुण्याच्या वाचकाला सहसा ऐकूनही माहीत नसलेला एक रोग तिथं नेहमीचा आहे: पित्ताशयाचा कर्करोग. तिथले लोक म्हणतात 'पित्त की थैली का कैंसर'. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, दिल्लीपासून बिहारमार्गे आसामपर्यंत, बायकांमध्ये त्याचं प्रमाण दक्षिण भारताच्या कित्येक पट आहे. जगात अशी ठिकाणं मोजकीच. चिली हे त्यातलं दुसरं ठळक नाव. रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीतली बाई असते. उजव्या कुशीत बरगडीखाली दुखतं, जेवल्यावर जड वाटतं, ती 'गॅस' म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेते. मग एक दिवस डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, आणि तपासणीत कळतं की गाठ यकृतात शिरली आहे. शस्त्रक्रियेनं बरं होण्याची वेळ बहुतेकींच्या बाबतीत तोवर निघून गेलेली असते.

कर्करोग म्हणजे एका पेशीचं बिघडणं, तिच्या जनुकांत चूक होणं आणि मग तिचं बेबंद वाढत जाणं, असं आपण शाळेपासून शिकतो. ते खोटं नाही. पण काशीचा हा रोग समजून घ्यायचा तर त्या पेशीकडे बघून भागत नाही. तिच्या शेजारी काय चाललं होतं आणि किती वर्षं चाललं होतं, ते बघावं लागतं.

पित्ताशय ही यकृताच्या पोटाशी चिकटलेली, जेमतेम तीन-चार इंच लांबीची पिशवी. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. जेवणाच्या अधल्या-मधल्या वेळात ते या पिशवीत साठतं, त्यातलं पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं, आणि तेलकट घास आतड्यात पोचला की पिशवी आकसून पित्त ओतते. पित्तात कोलेस्टेरॉल असतं. ते विरघळलेलं ठेवायला पित्तक्षार आणि फॉस्फोलिपिड लागतात. हे गणित बिघडलं, किंवा पिशवी नीट आकसली नाही, की कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात आणि पुढे खडे. स्त्रियांच्या संप्रेरकांमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि पिशवीची हालचाल मंदावते. गरोदरपणात तर दोन्ही एकदम. बायकांना खडे जास्त होतात ते यामुळे, आणि हा कर्करोगही.

या पिशवीची भिंत काही मिलिमीटरच जाड. पचनमार्गाच्या बाकी नळ्यांमध्ये आतल्या अस्तराखाली जो एक जादा थर असतो, तो इथं नाही. यकृताच्या बाजूला तर बाहेरचं आवरणसुद्धा नाही. पिशवीचा संयोजी थर थेट यकृतात मिसळून जातो. त्यामुळे इथं उगवलेल्या गाठीला शेजाऱ्याच्या घरात जायला भिंत ओलांडावी लागत नाही.

आता कोडं असं. पित्ताशयाचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या पिशवीत खडे सापडतात. पण खडे असलेल्या शंभर माणसांत कर्करोग एखाद्यालाच होतो, किंवा कुणालाच नाही. खडे पुण्यातही आहेत, कोल्हापुरातही आहेत. म्हणजे खडा बहुतेकदा लागतो, पण एकटा खडा पुरत नाही.

या कोड्याचा एक धागा काशीतच सापडला. बनारस हिंदू विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ गोपाल नाथ आणि शल्यविशारद विजय कुमार शुक्ला यांनी नव्वदच्या दशकात पित्ताशयाच्या रुग्णांमध्ये टायफॉइडच्या जंतूचा शोध घेतला. टायफॉइडनं आजारी पडलेले नव्हे, तर तो जंतू शरीरात बाळगून असलेले लोक त्यांना हवे होते. १९९७ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यांच्या पित्तात हा जंतू वाढवून दाखवता आला, त्यांना पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे आठ पट आहे.

वाहकाची गोष्ट वैद्यकाला जुनी आहे. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती, पण ती ज्या घरी कामाला लागे तिथं टायफॉइड निघे. १९०७ मध्ये जॉर्ज सोपर या अभियंत्यानं तिचा माग काढला. पित्ताशय काढून टाकू, म्हणजे तू सुटशील, असं तिला सुचवलं गेलं. तिनं नकार दिला. मला तरी तिचं चुकलं असं वाटत नाही. प्रतिजैविकं येण्याआधीच्या काळात, स्वतःला काहीही होत नसताना, पोट फाडून घ्यायला कोण तयार होईल? १९१५ पासून १९३८ मध्ये मरेपर्यंत तिला एका बेटावर कोंडून ठेवलं होतं. जंतू तिच्या पिशवीत राहत होता, एवढं तेव्हाच्या डॉक्टरांना कळलं होतं. तो तिथं इतकी वर्षं कसा तग धरतो, हे उमगायला पुढचं शतक यावं लागलं.

उत्तर खड्यात आहे. पित्त तिखट असतं, बहुतेक जंतू त्यात मरतात. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला टायफी मात्र कोलेस्टेरॉलच्या खड्याला चिकटतो, स्वतःभोवती साखरेच्या साखळ्यांचा बुळबुळीत थर विणतो आणि त्याखाली वस्ती करतो. या थराला बायोफिल्म म्हणतात. घाटाच्या पाण्यात बुडालेल्या शेवटच्या पायरीवर जो निसरडा थर असतो, तसाच हा. पाणी वरून वाहत राहतं, थर जागचा हलत नाही. प्रतिजैविक वरच्यावर वाहून जातं आणि जंतू खाली सुखरूप. अमेरिकेतल्या जॉन गन यांच्या प्रयोगशाळेनं हे उंदरांत दाखवलं आणि मेक्सिको शहरातल्या रुग्णांच्या खड्यांवरही ते थर सापडले.

स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासाचा इथं उल्लेख हवाच. अॅबरडीन शहरात १९६४ साली टायफॉइडची मोठी साथ आली होती. त्या साथीत आजारी पडून बरे झालेले लोक आणि जंतू कायम बाळगणारे वाहक, अशा दोन गटांच्या मृत्यूंची तुलना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. वाहकांमध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा प्रचंड जास्त होते. नुसत्याच आजारी पडून बऱ्या झालेल्यांत तसं काही नव्हतं. जंतू आला आणि गेला, तर काही नाही. तो मुक्कामाला राहिला, तर मात्र हिशेब बदलतो.

मुक्कामानं नेमकं काय होतं? इथून आपण पिशवीच्या भिंतीत शिरू.

बोट कापलं की तिथं लाली येते, ऊब येते, सूज येते, दुखतं. रोमन लेखक सेल्सस यानं दाहाची ही चार लक्षणं दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. रक्तातून आधी न्यूट्रोफिल पेशी येतात आणि प्राणवायूची जहाल संयुगं सोडून जंतू मारतात. मागून मॅक्रोफेज येतात, मेलेलं खाऊन जागा साफ करतात आणि दुरुस्तीचे निरोप पाठवतात. फायब्रोब्लास्ट धागे विणतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कातडीच्या पेशी झपाट्यानं विभागून खिंडार भरतात. आठवड्याभरात सगळे निरोप थांबतात, पाहुणे निघून जातात. दाह चांगला असतो तो संपतो म्हणून.

पिशवीत खडा आहे, खड्यावर जंतू आहे, आणि दोघंही हलत नाहीत. त्यामुळे न्यूट्रोफिल येतच राहतात. त्यांनी सोडलेली जहाल संयुगं जंतूवर पडतात तशी अस्तराच्या पेशींच्या डीएनएवरही पडतात. अस्तर झिजतं, पुन्हा भरतं, पुन्हा झिजतं. प्रत्येक विभाजनात चूक होण्याची एक संधी. मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ अशी रसायनं ओतत राहतात. ती अस्तराच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबून ठेवतात. एरवी बिघडलेली पेशी स्वतःला संपवते. ही कळ दाबलेली असली की ती संपवत नाही. कॉक्स-२ हे विकर वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, ती वाढीला आणखी रेटा देतात. काही वर्षांत अस्तर आपलं रूप बदलतं. पिशवीच्या पेशींच्या जागी जठरासारख्या किंवा आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात, याला मेटाप्लेशिया म्हणतात. त्यापुढे विकृत पेशी. त्यापुढे, दहा-पंधरा वर्षांनी, एखादीच्या बाबतीत, कर्करोग.

हा संबंध पहिल्यांदा ज्याच्या नजरेत भरला तो जर्मनीचा रुडोल्फ फिरखो. १८६३ साली त्यानं गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि कर्करोग जुनाट दाहाच्या जागी उगवतो असं मांडलं. त्याचं म्हणणं शंभरएक वर्षं बाजूला पडून होतं. विषाणू आले, मग जनुकं आली, सगळ्यांचं लक्ष पेशीच्या आत गेलं. १९८६ मध्ये बोस्टनच्या हॅरल्ड ड्वोरॅक यांनी गाठ म्हणजे न भरणारी जखम असं लिहिलं तेव्हा फिरखोचा मुद्दा पुन्हा वर आला.

मला स्वतःला या सगळ्या इतिहासात सर्वांत पटणारा प्रयोग कोंबडीच्या पिल्लांचा वाटतो. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांना कर्करोग करणारा विषाणू शोधला होता. हा विषाणू पिल्लाच्या पंखात टोचला की तिथं गाठ येते. विषाणू रक्तातून अंगभर फिरतो, पण गाठ टोचलेल्या जागीच. का? ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पिल्लाच्या दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली. तिथंही गाठ आली. आणि हाच विषाणू अंड्यातल्या गर्भाला टोचला, तर पेशींत कर्करोगाचं जनुक शिरूनही गाठ आली नाही. बिघडलेलं जनुक दोन्हीकडे तेच. गाठ होणार की नाही, ते शेजार ठरवत होता.

शेजारातल्या कोणत्या पेशीचा वाटा किती, याचा हिशेबही लागला आहे. फ्लोरियान ग्रेटन आणि मायकेल करिन यांनी २००४ मध्ये उंदरांच्या मोठ्या आतड्यात आधी दाह घडवून कर्करोग आणला. मग एनएफ-कप्पा-बीची कळ चालू करणारं एक जनुक दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढून पाहिलं. अस्तराच्या पेशींतून काढलं, तर दाह तेवढाच राहिला पण गाठींची संख्या खूप घटली. बिघडलेल्या पेशी आता वेळेवर मरत होत्या. मॅक्रोफेजसारख्या दाहपेशींतून काढलं, तर गाठी झाल्या पण लहान राहिल्या. खतपाणी घालणारी रसायनं आटली होती.

टायफॉइडचा जंतू केवळ दाह पेटवून थांबत नाही, अशीही शंका आहे. नेदरलँड्सच्या जॅक नीफ्येस यांच्या गटानं २०१५ मध्ये, भारतीय रुग्णांचे नमुने हाताशी घेऊन, दाखवलं की साल्मोनेला पेशीत शिरण्यासाठी जी प्रथिनं टोचतो तीच पेशीतले वाढीचे दोन मार्ग चालू करतात. निरोगी पेशीला त्यानं फारसं काही होत नाही. पण जिच्यात पी५३ हे राखण करणारं जनुक आधीच बिघडलं आहे आणि मिक हे वाढीचं जनुक जोरात आहे, ती पेशी कर्करोगाच्या वाटेला लागते, आणि जंतू औषधानं मारला तरी परत फिरत नाही. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या गटानं पित्ताशयाच्या गाठींमधला डीएनए वाचला तेव्हा साल्मोनेलाच्या टायफॉइड न करणाऱ्या जातींचेही माग सापडले. म्हणजे संशयितांची यादी एका नावावर संपत नाही.

संपत नाहीच. पिवळ्या धोतऱ्याच्या बिया मिसळलेलं मोहरीचं तेल हा उत्तर भारतातला जुना संशयित. त्या बियांतलं सँग्विनारिन डीएनएला इजा करतं. जड धातूंकडेही बोट दाखवलं जातं. आणि आनुवंशिकता आहे. टाटा मेमोरियलमधल्या शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये भारतीय रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची पाहणी प्रसिद्ध केली. धोका वाढवणारे फरक सापडले ते एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या परिसरात. यातलं दुसरं जनुक यकृतातून पित्तात फॉस्फोलिपिड सोडणारं प्रथिन बनवतं. फॉस्फोलिपिड कमी पडलं तर पित्त अस्तराला जाळतं आणि खडेही बनतात. वाट वेगळी, पण तीही भिंतीच्या दाहाकडेच नेते.

मग गंगा? मुन्शी घाटावर उभं राहिलं की हा प्रश्न आपोआप ओठांवर येतो. वाराणसीत गंगेत सांडपाणी जातं हे सांगायला कुणा परक्याची गरज नव्हती. तुळशी घाटावरचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठातले जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन काढून नदीच्या पाण्यातले विष्ठेचे जंतू मोजायला सुरुवात केली आणि आयुष्यभर ते आकडे सरकारसमोर धरले. नदीत अंघोळ करणं, कपडे-भांडी धुणं आणि पोटाचे आजार यांचा संबंध वाराणसीच्या पाहण्यांत दिसला आहे. तरीही पित्ताशयाच्या कर्करोगाचं खापर नदीवर फोडणं मला सोपं आणि चुकीचं वाटतं. दिल्लीतल्या ज्या बाईनं कधी गंगास्नान केलं नाही तिलाही तो होतो. टायफॉइड घरात येतो तो बहुतेकदा फुटक्या नळातून, गटाराशेजारच्या हातपंपातून, न धुतलेल्या हातातून. दोष द्यायचाच तर पाइपला द्यावा.

गाठ एकदा झाली की शेजार तिच्या बाजूनं काम करू लागतो. जंतू मारायला आलेले मॅक्रोफेज दुरुस्तीच्या भूमिकेत अडकतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतील असे निरोप देतात आणि कर्करोगाच्या पेशी मारू शकणाऱ्या टी पेशींना शांत करतात. फायब्रोब्लास्ट इतके धागे विणतात की गाठ दगडासारखी लागते. शांघायच्या संशोधकांनी २०२१ मध्ये पित्ताशयाच्या गाठींतली एकेक पेशी वेगळी वाचली. काही गाठींच्या पेशी मिडकाइन नावाचं प्रथिन सोडून मॅक्रोफेजना फितवतात, असं त्यात दिसलं.

हे कळल्यावर साहजिकच वाटलं की शेजारच उठवून लावू. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा प्रयत्न झाला. तिथं गाठीचा बराचसा भाग कर्करोगाच्या पेशींचा नसतोच, धाग्यांचा आणि फायब्रोब्लास्टचा असतो. २००९ मध्ये उंदरांत एका औषधानं हे धागे विरळ केले, केमोथेरपी आत पोचली, उंदीर जास्त जगले. माणसांवर चाचणी झाली तेव्हा ती २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची तब्येत जास्त खालावत होती. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की फायब्रोब्लास्ट काढून टाकले तर उंदरांतली गाठ उलट अधिक चवताळते. ज्यांना आपण साथीदार समजत होतो त्यांच्यातले काही तिला आवरूनही धरत होते. टी पेशींवरचा लगाम काढणाऱ्या औषधांचं यशही आतापर्यंत माफक आहे. पित्तमार्गाच्या कर्करोगांवरच्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या केमोथेरपीला यांपैकीच ड्युर्व्हॅलुमॅबची जोड दिली, तेव्हा मध्यम आयुर्मान ११.५ महिन्यांवरून १२.८ वर गेलं. दोन वर्षं पार करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलं. त्या औषधाची किंमत बलियाच्या शेतकऱ्याला सांगण्यात अर्थ नाही.

दाह सगळीकडे सारखाच वागतो असंही नाही. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाह आणि अल्सर घडवतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी सिद्ध केलं. त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. हा जंतू कर्करोगकारक म्हणून १९९४ मध्येच जाहीर झाला. भारतात तो घरोघरी आहे, पण जठराचा कर्करोग जपान-कोरियाच्या मानानं इथं बराच कमी. याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, ॲस्पिरिनसारखी कॉक्स विकराला अडवणारी साधी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसतो. याचा अर्थ वाचकानं उद्यापासून ॲस्पिरिन सुरू करावी असा नाही. तीच गोळी पोटात रक्तस्रावही करते.

दाह आणि कर्करोग यांची सरमिसळ सर्जनला कशी छळते, त्याचं एक उदाहरण उत्तर भारतात वारंवार दिसतं. पित्त भिंतीत झिरपतं, ते खाऊन मॅक्रोफेज फुगतात, भिंत जाड आणि पिवळट होते, आसपासच्या अवयवांना चिकटते. या आजाराचं नाव झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस. हा निव्वळ दाह, कर्करोग नव्हे. पण स्कॅनमध्ये आणि उघडल्यावर डोळ्यांनाही तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, आणि कधीकधी दोन्ही एकाच पिशवीत असतात. यकृताचा तुकडा कापून काढायचा की नुसती पिशवी, याचा निर्णय सर्जनला टेबलापाशी उभं राहून घ्यावा लागतो.

पित्ताशयाच्या कर्करोगावर चिलीनं सरळ उपाय केला. २००६ पासून तिथं ३५ ते ४९ वर्षांच्या ज्या माणसांना पित्ताचे खडे आहेत त्यांची पिशवी सरकारी हमीनं, कर्करोग टाळण्यासाठी म्हणून काढली जाते. गंगेच्या खोऱ्यात असं करावं का, यावर आपल्याकडे डॉक्टरांत मतभेद आहेत. खडे असलेल्यांची संख्या अफाट, त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होणार नाही, आणि शस्त्रक्रियेलाही धोका असतोच. पण तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, भिंतीत साचलेलं कॅल्शियम किंवा वाढत जाणारा पॉलिप असेल, तर वाट बघू नये यावर जवळजवळ एकमत आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नव्या शोधाशिवाय आजच होऊ शकते. दुर्बिणीतून पिशवी काढल्यावर आपल्याकडे खडे बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देण्याची पद्धत आहे. ते घरी नेले जातात, भेटायला येणाऱ्यांना दाखवले जातात. पिशवी मात्र अनेक ठिकाणी पॅथॉलॉजी तपासणीला न जाता टाकून दिली जाते, कारण त्या तपासणीचे वेगळे पैसे पडतात. खड्यासाठी काढलेल्या पिशवीत कर्करोग अवचित सापडतो तेव्हाच तो सर्वांत लवकरचा असतो. तो अस्तरापुरता असेल, तर जे झालं तेवढं पुरेसं. स्नायूच्या थरात शिरला असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून यकृताचा लगतचा भाग आणि लसिका ग्रंथी काढाव्या लागतात, आणि त्यानं माणूस वाचू शकतो. न तपासलेल्या पिशवीचा कर्करोग वर्षभरानं कावीळ होऊन परत येतो.

आणि जंतूचं काय? टायफॉइडची नवी संयुग्म लस हैदराबादच्या भारत बायोटेकनं बनवली. ती सार्वजनिक कार्यक्रमातून देणारं जगातलं पहिलं शहर ठरलं नवी मुंबई. २०१८ च्या पावसाळ्यात महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. टायफॉइड कमी होतो का, हे काही वर्षांत मोजता येतं. पित्ताशयाच्या कर्करोगावर तिचा परिणाम होतो का, हे मोजायला त्या मुली पन्नाशीला पोचाव्या लागतील. त्यांतली सगळ्यांत लहान २०६७ च्या पुढेमागे पोचेल. तोवर कर्करोगाची नोंदवही अखंड चालू हवी. मुंबईची नोंदवही १९६३ पासून चालू आहे. वाराणसीची जिल्हा नोंदवही गेल्या दशकातली, आणि लस तिथं मिळते ती अजून खाजगी दवाखान्यात, पैसे मोजणाऱ्यांनाच.